दुसरा धूर

डोंगरावरचे गवत संपले होते, म्हणून ते तिघे खाली मैदानात उतरत होते. मैदान स्वच्छ असेल तर एका टेकाडावर ओला पाला जाळून धुराचा पांढरा खांब उभा करायचा. कड्याच्या माथ्यावर डोळे लावून बसलेला म्हातारा कुसेरो तो पाहील आणि वस्तीची सगळी गुरे उताराला लावील. धूर केल्यावर काही विपरीत दिसले, तर शेजारच्या टेकाडावर दुसरा धूर. एक धूर म्हणजे या. दोन म्हणजे मागे फिरा. मसाईंच्या त्या वस्तीत याहून साधा ठराव कधी झाला नव्हता, आणि त्या वर्षी सगळ्यांचे जगणे या एका ठरावावर टांगलेले होते.

भीती होती ती दाढीवाल्यांची. पावसाच्या मागे फिरणारे ते विल्डबीस्टांचे, म्हणजे लांब दाढीच्या, गायीएवढ्या रानहरणांचे, अफाट कळप वर्षातून एकदा या मैदानात येतात, इथल्या आखूड, गोड गवतावर वितात आणि निघून जातात. त्यांच्या वासरांच्या अंगावरून, वारेतून, विण्याच्या पाण्यातून गवतावर जे काही उतरते ते त्यांना स्वतःला बाधत नाही. गायींना मात्र सोडत नाही. गायीचे डोळे आधी दुधाळ होतात, मग नाकपुड्यांवर खपल्या धरतात, मग ती मान खाली घालते आणि पुन्हा वर करत नाही. औषध नाही. दूर राहायचे, आणि उन्हाने ती जमीन पुन्हा निर्मळ करेपर्यंत वर्षातले सर्वांत सुंदर गवत लांबूनच पाहत बसायचे.

गुरांतली निम्म्याहून अधिक सिरोंकाची होती. मागच्या दुष्काळाने त्यांतली कितीतरी नेली. उरलेल्यांच्या बरगड्यांवर सावल्या पडू लागल्या होत्या. मसाई माणूस भेटला की आधी गुरांची खुशाली विचारतो. ज्याची गुरे गेली, त्याच्याशी बोलणे सुरू तरी कुठून करायचे? सिरोंकाला मरणापेक्षा त्या न विचारलेल्या प्रश्नाची धास्ती होती.

मैदान स्वच्छ असल्याची बातमी आणली होती मेपुकोरीने. आता तोच पुढे चालत होता: उंच, हाडकुळा, खांद्यावर भाला, पाठीला चामडी भाता, आणि त्या भात्यात आग पाडायची अरणी, म्हणजे मऊ लाकडाची खाचेची फळी आणि तिच्यात घुसळायची कठीण काठी. तो आणि सिरोंका एकाच हंगामात पुरुष झालेले, एकाच वयोगटाचे. तरुणपणी दोघांनी एकट्याने दुधाचा घोट घेतला नव्हता; एकट्याने पिणाऱ्याला त्यांच्यात तरसाच्या जातीचा समजतात. पण ते दिवस मागे पडले. मेपुकोरीची वस्ती आता डोंगरावरच्या दलदलीला लागून होती, आणि त्या दलदलीचा काठ हा डोंगरावरचा शेवटचा हिरवा तुकडा होता. सिरोंकाची गुरे खाली उतरली, की तो सगळा मेपुकोरीचा.

ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नव्हती. म्हणूनच ती सिरोंकाच्या मनात अधिक वाजत होती.

"तू स्वतः पाहिलंस मैदान?" त्याने पुन्हा एकदा विचारले.

"नाही, स्वप्नात पाहिलं," मेपुकोरी मागे न बघता म्हणाला. "तुझ्या गायी तिथं नाचत होत्या."

गाढवाचा कासरा धरून मागून येणारी नासिएकु हसली. ती सिरोंकाची थोरली बहीण, विधवा, आणि जिभेने दोघांनाही भारी. "याचं मनावर घेऊ नकोस, मेपुकोरी," ती म्हणाली. "हा लहानपणी आईचं दूधसुद्धा हुंगून प्यायचा."

कडा मागे पडला. उतारावरची बाभळीची राने विरळ होत गेली, मग झाडे थांबलीच, आणि समोर ते मैदान पसरले. त्याला ना आरंभ दिसे ना अंत. फक्त मधूनमधून काळ्या खडकांची टेकाडे, जणू कुणी बोलता बोलता मध्येच गप्प झाल्यासारखी. ज्वालामुखीच्या जुन्या राखेवर उगवलेले गवत घोट्याएवढे, पण इतके दाट की पायाला माती लागत नव्हती. वारा त्यावरून हात फिरवी आणि रंग बदलून जाई. सिरोंकाने एक काडी चावली. गोड होती. इतकी गोड, की त्याला लगेच संशय आला: एवढे गवत, आणि खाणारे कोणी कसे नाही?

पूर्वेला एक लांबट उंचवटा होता. सरळ वाट त्यावरून जात होती. मेपुकोरीने मात्र डावीकडचा वळसा घेतला. का, असे विचारल्यावर त्याने तिकडे सिंहिणीने पिल्ले घातल्याचे सांगितले. नासिएकुला ते पटले. सिरोंकाने मान डोलावली आणि उंचवट्याची जागा मनात खुणेने पक्की केली. संध्याकाळी मुक्कामाला त्याच्या लक्षात आले, की मेपुकोरी सारखा ढगांकडे बघतो, सारखा धुराच्या टेकाडाचे अंतर मोजतो. माणूस एखाद्या गोष्टीची घाई करतो, तेव्हा त्या गोष्टीच्या मागे दुसरी गोष्ट उभी असते, असे सिरोंकाला वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घाई उघडी पडली. पश्चिमेला आभाळ काळवंडत होते. पाऊस आला तर लाकूड भिजेल, धूर उठणार नाही, आत्ताच पेटवू, असा मेपुकोरीने हट्ट धरला. उंचवट्यापलीकडे पाहिल्याशिवाय एक ठिणगीही पाडायची नाही, असे सिरोंकाने बजावले. शब्दाला शब्द लागला. शेवटी मेपुकोरी खांदे उडवून खडकाच्या सावलीत आडवा झाला आणि भाता उशाशी ठेवून झोपी गेला.

सिरोंका त्याच्याकडे बघत राहिला. झोपलेल्या माणसाचा चेहरा किती निष्पाप असतो! त्याच्यावर तर मुळीच भरवसा ठेवू नये. नासिएकु गाढवाला पाणी दाखवायला ओहोळाकडे गेली होती. त्याने हळूच भात्याचे झाकण काढले, अरणीची जोडी उचलली, आपल्या तांबड्या वस्त्राच्या घडीत कमरेशी खोवली, आणि झाकण होते तसे लावले.

आता याने किती घाई केली तरी आग पडणार नव्हती.

उंचवट्याकडे निघाले तेव्हा सिरोंकाला बरेच हलके वाटत होते. ते हलकेपण फार टिकले नाही. गवतातून काहीतरी उठले. बदामी रंग, काटकुळे पाय, शरीराच्या मानाने फार मोठे कान, आणि पोटाखाली लोंबणारा नाळेचा वाळका दोरा. दाढीवाल्याचे वासरू! आई हरवलेले, जन्माला येऊन फार वेळ न झालेले. हलेल त्या वस्तूच्या मागे जायचे, एवढे एकच ज्ञान घेऊन आलेला तो जीव धडपडत सरळ सिरोंकाकडे आला आणि त्याच्या मांडीला नाक घासू लागला.

त्याने भाल्याच्या दांड्याने ढकलले. ते पडले, उठले, पुन्हा चिकटले.

सिरोंकाने मान वळवली ती वासराकडे नव्हे, मेपुकोरीकडे. मेपुकोरीच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. पकडला गेला, सिरोंकाच्या मनाने निकाल दिला.

तिघे धावत उंचवट्यावर चढले. वासरू मागे. माथ्याजवळच्या खडकाळ कपारीतून एक सिंहीण गुरगुरली आणि आत सरकली, पण तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

पलीकडच्या खोलगट भूमीत गवत दिसत नव्हते. दिसत होत्या पाठी. क्षितिजापर्यंत करड्या, ओलसर, हलणाऱ्या पाठी, आणि त्यांच्या पायांशी बदामी ठिपक्यांची दाटी. सबंध जमीन कण्हत होती. एका ठिकाणी एक मादी उभ्यानेच वीत होती, दुसरीकडे नुकते पडलेले वासरू पाय चाचपत होते, गिधाडे वार ओढून नेत होती, तरस बसल्या जागी जांभया देत होते. जन्माचा असा पूर सिरोंकाने आयुष्यात इतक्या जवळून पाहिला नव्हता. ते दृश्य भव्य होते, आणि त्यातल्या प्रत्येक ओल्या ठिपक्यात त्याच्या गायीचे मरण होते.

"मैदान स्वच्छ होतं म्हणालास," तो म्हणाला.

"होतं."

"मग हे आभाळातून पडले?"

"आभाळामागून आले. मी गेलो तेव्हा पाऊस तिकडं होता. तो इकडं सरकला, हे वळले. मला विचारून वळले नाहीत, गड्या."

"घाई कोण करत होतं?"

"तुझ्या गायींच्या बरगड्या करत होत्या," मेपुकोरी शांतपणे म्हणाला. "मी डोळे मिटून बसू?"

"आणि काल या उंचवट्याला वळसा घातलास."

"सिंहीण आहे म्हणालो. ती तुला आत्ता भेटली की."

नासिएकुने दोघांनाही गप्प केले. धूर झालेला नाही, गुरे वर सुखरूप आहेत, आता मुकाट्याने परत फिरावे, भांडण घरी नेऊन सावकाश करावे, असे तिचे म्हणणे होते. ते खरेच होते. पण तिचे बोलणे पुरे व्हायच्या आत आभाळ फुटले.

वीज! पाठोपाठ गडगडाट. खालच्या खोलगटात क्षणभर सगळ्या पाठी थिजल्या. आणि मग ती जमीनच उठली. हजारो खूर. कळप उंचवट्याच्या दोन्ही अंगांनी फुटून मैदानात ओसंडला. "ओहोळात!" मेपुकोरी ओरडला. माथ्यावर वीज आणि सिंहीण होती, तिथे थांबता येत नव्हते. ते धावले. गाढव पुढे, नासिएकु त्याच्या शेपटीला धरून, मागे चिखलाचा आणि शिंगांचा लोंढा! सिरोंकाने ओहोळाच्या काठावरून उडी घेतली. खाली वाळू आणि एखादे डबके असायला हवे होते. लोंढा होता. तांबडे, फुगलेले, डोंगरावरच्या पावसाने धावत आलेले पाणी!

त्याचे पाय सुटले, हातातला भाला गेला. पाण्याने त्याला एका वळणावर आपटले, दुसऱ्यावर उचलले. वस्त्राचे टोक गळ्याभोवती गुंडाळले गेले. एक मूळ हाताला लागले, तुटले, दुसरे लागले. वर पाहिले तर काठावर मेपुकोरी पोटावर पालथा पडलेला, भाल्याचा दांडा खाली धरलेला.

दांडा त्याच्या हातापासून वीतभर होता. सिरोंकाने तो धरला नाही. पापणी लवते तेवढाच वेळ, पण त्याने धरला नाही. वरच्या त्या डोळ्यांत तो काहीतरी शोधत राहिला. मग मूळ तुटले, आणि शरीराने मनाला न विचारता दांडा पकडला.

मेपुकोरीने त्याला ओढून काढले. त्याच्या पाठोपाठ, कसे कोण जाणे, ते वासरूही काठ चढून आले, अंग झटकून त्याच्या कुशीशी उभे राहिले.

पाऊस जसा आला तसा गेला. पांगलेले कळप पुन्हा चरू लागले, जणू काही घडलेच नव्हते. नासिएकु गाढवासह वरच्या अंगाला सुरक्षित होती. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे उंचवट्याच्या माथ्यावर होते.

तिथे खडकांत एक वठलेले उंबर उभे होते. विजेने ते पेटवले होते, पावसाने अर्धवट भिजवले होते, आणि त्यातून धुराचा एक सरळ, जाड, पांढराशुभ्र खांब आभाळात चढत होता.

एक धूर म्हणजे या.

दूर कड्याच्या उतारावर, उन्हाची तिरीप पडली होती तिथे, एक बारीक तपकिरी रेघ सरकू लागलेली सिरोंकाला दिसली. कुसेरोची नजर अजून चांगली होती.

"दुसरा धूर," मेपुकोरी म्हणाला आणि त्याने भात्यात हात घातला. हात आतच राहिला. त्याने भाता उलटा केला.

सिरोंकाने कमरेची ओली घडी सोडली. कठीण काठी खाली पडली. फळी नव्हती, ती ओहोळाने नेली होती. काय केले, केव्हा केले, हे त्याने थोडक्यात सांगितले. कारण सांगायची गरज नव्हती.

मेपुकोरीने शिवी दिली असती तर बरे झाले असते. तो नुसता त्या काठीकडे पाहत राहिला. वयोगटातल्या माणसाच्या उशाजवळून चोरी! त्यांच्यात यावर भांडणसुद्धा होत नाही, इतकी ती न घडणारी गोष्ट आहे.

"पुरुषांनी आग पाडायची, बायकांनी जपायची," नासिएकु म्हणाली. तिने गाढवाच्या खोगिराखाली हात घालून कातड्यात गुंडाळलेले कोरडे शेण बाहेर काढले. "पाडलेली आग वर आहे. मला तिथं पोचवा. मग काय ते एकमेकांचे गळे धरा."

ते वर धावले. पेटलेल्या उंबराकडे जायची खडकातली वाट एकच होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी आगीने कपारीतून हुसकलेली सिंहीण पिल्लांना मागे घालून बसली होती. कान मागे. शेपटी जमिनीवर आपटत.

तिचे डोळे नासिएकुवर नव्हते, मेपुकोरीवर नव्हते. सिरोंकाच्या मांडीला टेकलेल्या बदामी वासरावर होते.

"तू हलू नकोस," मेपुकोरी सिरोंकाला म्हणाला. "ती तुझ्याकडेच बघत राहू दे. आक्का, तू डावीकडून चढ. मी मध्ये राहतो."

सिरोंका आमिष झाला होता, आणि त्याला वाचवायचे की नाही हे ठरवणारा भाला त्याने आजच लुबाडलेल्या माणसाच्या हातात होता. नासिएकु खडकाआड गेली. वासरू हंबरले. सिंहीण सुटली! पिवळी झेप. चिखल. भाला तिच्या तोंडासमोर जमिनीत थरथरत रुतला, आणि त्यामागोमाग मेपुकोरी रिकाम्या हातांनी, दोन्ही बाहू पसरून, घशाच्या तळातून ओरडत पुढे धावला. सिंहीण बिचकली. वळली. पिल्लांकडे झेपावली, एकाला तोंडात धरून उतरणीच्या गवतात दिसेनाशी झाली. दुसरे तिच्यामागे लुडबुडत गेले.

वरून नासिएकु उतरली. तिच्या ओंजळीत कातडे, कातड्यात शेण, आणि शेणाच्या पोटात धुमसणारा लाल डोळा. ती त्यावर एखाद्या तान्ह्याला फुंकर घालावी तशी फुंकर घालत होती.

शेजारच्या टेकाडावर सगळे भिजलेले होते. मेपुकोरीने गाढवाचे लाकडी खोगीर फोडले, त्यात दाबून भरलेले कोरडे गवत उपसले. सिरोंकाने चरबी चोळलेले कातडे फाडले. ज्योत धरली. विझली. पुन्हा धरली. तोवर तपकिरी रेघ कड्याच्या पायथ्याशी आली होती. ओला पाला टाकला आणि तिघेही मागे सरले.

दुसरा खांब चढू लागला. आधी वाकडा, वाऱ्याने मोडलेला, मग सरळ.

रेघ चालतच होती. हिरव्याच्या काठावर आली. पुढची गाय कोणती असेल हे सिरोंकाला इतक्या दुरूनही ठाऊक होते. ती पांढऱ्या कपाळाची, नेहमी घाईची. रेघेचे टोक थांबले. तिथे गाठ पडल्यासारखी झाली. मग ती गाठ हळूहळू सुटली, आणि रेघ आपल्याच अंगावरून मागे वळू लागली.

नासिएकु खाली बसली आणि उगाचच रडली.

डोंगरावर चारा नव्हता, तो आताही नव्हताच. दलदलीचा काठ तेवढा होता. गुरे आज तिकडे न्यायला हवी होती, उद्या नव्हे. आणि सिरोंकाला ती नेता येणार नव्हती. त्याच्या मांडीला, वस्त्राला, हातांना वासराचे अंग लागले होते. त्या दोघांनी धुरातून निघून, वस्त्रे धुरावर धरून जावे. त्याने मात्र ऊन त्याला निर्मळ करेपर्यंत मैदानातच राहावे, गुरांपासून दूर. यात विचारण्यासारखे काही नव्हते.

गाढवावर लादलेली आपली राखणीची काठी त्याने काढून जमिनीवर ठेवली आणि मागे सरला. ती काठी पाहिल्यावर कुसेरो तिच्या धन्याचा शब्द मानी. मेपुकोरीने ती उचलली, धुरात फिरवली.

"कुठं नेऊ?" त्याने विचारले.

"तू सांग."

मेपुकोरीने काठी खांद्यावर टाकली. नासिएकुने उरलेले खाणे खडकावर ठेवले, आणि दोघे गाढवासह कड्याकडे चालू लागले.

सिरोंका वासराला घेऊन कळपांच्या दिशेने गेला. घेऊन म्हणजे तो चालला आणि ते आले. पहिल्या मादीने वासराला शिंगांनी उडवले, दुसरीने हुंगून पाठ फिरवली. तिथे धुळीत इतकी वासरे होती, की थोड्या वेळाने त्यांतले आपले कोणते हे सिरोंकाला कळेना. तो तिथून पळाला. बराच पळाल्यावर त्याने मागे पाहिले. मागे कोणी नव्हते, आणि त्या रिकाम्या जागेकडे तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

मग नुसते ऊन. त्याने वस्त्र खडकावर पसरले, अंगाला राख चोळली आणि बसून राहिला. मनात तो दलदलीच्या काठावर रोज जाऊन येई. तिथे त्याला कधी गुरे दिसत, कधी काटेरी कुंपण आणि कुंपणामागे हसणारा मेपुकोरी. दोन्ही चित्रे सारखीच स्पष्ट होती.

नासिएकु आली ती काही दिवसांनी एका सकाळी, वाऱ्याच्या वरच्या अंगाने. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर थांबून तिने दुधाचा भोपळा ठेवला आणि तिथूनच ओरडून खुशाली दिली. गुरे दलदलीला लागली होती. मेपुकोरीने आपली गुरे पलीकडच्या उघड्या काठाला हलवली होती, अलीकडचा दाट काठ सिरोंकाच्या गायींना सोडला होता. रात्री तो आपल्या कुंपणात नव्हे, सिरोंकाच्या गुरांत झोपत होता. पांढऱ्या कपाळाची गाय खंगली होती, पण आता उठून उभी राहत होती.

सिरोंका उठून उभा राहिला.

"पण का?" त्याने विचारले.

"मेपुकोरी म्हणाला, सिरोंका हेच विचारील," नासिएकु ओरडली. "म्हणाला, त्याला सांग, मलाही ठाऊक नाही."

सिरोंका हसला. आधी नाकातून, मग सबंध अंगाने. त्याच्या खांद्यांवरची राख झडू लागली, आणि नासिएकु तेवढ्या अंतरावरून त्याला वेड लागल्याचे जाहीर करून परत फिरली. ती दिसेनाशी झाल्यावर त्याने भोपळा उचलला, झाकण काढले, आणि न हुंगता तोंडाला लावला.